दोघांपुरते डोळे

६ सप्टेंबर
कालबारीच्या वर, पश्चिम ऑस्ट्रेलिया, रोडहाऊसच्या मागचं मैदान

केरीन,

लगेच फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघतेस आणि सोडून देतेस, आणि इथून वर तर रेंजच नाही. म्हणून कागद. रोडहाऊसच्या बाईकडं पाकिटं मिळाली, कोपऱ्यात डॉल्फिन छापलेली. दुसरी नव्हती. तुला वाटेल आईला डॉल्फिनचं कौतुक. नाहीये.

आम्ही मजेत आहोत. व्हॅन मजेत आहे. मागचं दार लावताना खालून लाथ मारावी लागते, बाकी काही तक्रार नाही. दोन शेगड्या, एक बेसिन, पलंग असा की रात्री एक जण वळला की दुसऱ्यानं वळायचंच. समुद्र रोज डावीकडं. वर जाताना समुद्र माझ्या बाजूला असतो.

बाबा गाडी छान चालवतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण तुला तेच विचारायचं असणार. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्यानं, नॉर्थमच्या सगळ्या गव्हाच्या रस्त्यांवरनं, पोरं मागं माकडासारखी लटकलेली, आणि बसला एक ओरखडा नाही. ते काही एका दिवसात जात नाही हातातनं.

निपर बाबाच्या चाकाखाली गेला त्या दिवशी तुझ्या अंगणात तू काय बोललीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. बाबा गाडी सोडत नाही तोवर टिली आजोबाजवळ यायची नाही, आणि तूसुद्धा नाही. मी म्हणाले, मग आम्हीही नाही. कुत्रं मोकळं सोडायचं तू आणि बोल लावायचे म्हाताऱ्याला. हे मी बोलले. मला माहितीये मी बोलले. चौदा महिने झाले.

त्यात आम्ही घर विकलं, ही व्हॅन घेतली. तुला ते शेजारणीकडनं कळलं. तसं कळायला नको होतं.

टिलीला नोव्हेंबरात सात पूर्ण होतील ना? दात पडले का पुढचे?

आई


१९ सप्टेंबर
डेनहॅमजवळ, शिंपल्यांचा किनारा

केरीन,

इथं वाळू नाहीच. सगळे शिंपले, नखाएवढे, पांढरे. चाललं की कराकरा वाजतं. बाबा म्हणतो, कॉर्नफ्लेक्सवर राहिल्यासारखं वाटतंय.

शेजारी एक मॉरीन म्हणून आहे. गाडीमागं ओढायचा मोठा कॅराव्हॅन, जरासा नवरा. ती बोलते, तो मासे पकडतो. मॉरीनला सगळ्यांचं सगळं माहिती: कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोण कोणाला न सांगता दक्षिणेला निघून गेलं. परवा संध्याकाळी आमच्याकडं खुर्च्या घेऊन आले दोघं. मॉरीन बसायच्या आधीच बाबावर सुरू.

"डेस, काल रस्त्यात समोरून आम्ही गेलो. बोट नाही उचललंस ते?"

"उचललं की."

"आम्हाला नाही उचललंस. पुढं जाऊन किलोमीटरच्या खांबाला उचललंस. मी आरशात बघितलं ना! आमच्यापेक्षा खांब बरा वाटला का रे?"

"खांब उलट बोलत नाही, मॉरीन."

सगळे हसले. मीही हसले. तिच्या नवऱ्यानं तर बियर सांडली.

तुला आठवतंय, बाबा तुला बसमध्ये मांडीवर घेऊन हेच शिकवायचा. हात हलवायचा नाही, हात शहरातले लोक हलवतात. स्टिअरिंग सोडायचं नाही. समोरून कोणीही येऊ दे, ओळखीचं असो नसो, एक बोट वर. बस. तू शाळेत बाईंनाही तसंच बोट उचलून दाखवलंस आणि मला बोलावणं आलं.

तर ते खांबाचं. ऊन फार असतं दुपारी, रस्त्यातनं वाफ निघते, कोणालाही चुकायला होईल. मी बाबाला नवा काळा चष्मा घ्यायला सांगितलाय.

माशांचं लिहायचं राहिलं. पुढच्या वेळी.

आई


३० सप्टेंबर
कार्नार्व्हन, धोबीखान्यात, मशीन थांबायची वाट बघत

केरीन,

चष्म्यानं काही होणार नाही.

अठ्ठावीस मिनिटं दाखवतंय मशीन. तेवढ्यात लिहिते, नाहीतर परत माशांवर जाईन.

बाबाच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोर बघितलं की समोरचंच दिसत नाही. तुझ्या अंगणातल्या त्या प्रकारानंतर दोन आठवड्यांनी पर्थला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडं गेलो होतो. मी खोलीतच होते. ती म्हणाली, उद्यापासून नाही, आजपासून गाडी नाही. लिहूनही दिलं. आम्ही पार्किंगमध्ये आलो. बाबानं किल्ली काढली. मी त्याच्याकडं बघितलं, तो माझ्या कानाकडं बघत होता. मी डाव्या बाजूनं चढून बसले.

तो कागद चहाच्या डब्यात आहे. पिशव्यांच्या खाली.

आता आम्ही घड्याळावर चालवतो. नाक म्हणजे बारा. मी सांगते, "एक वाजता ट्रक. अकराला खड्डा. साडेअकराला कांगारू, उभा आहे, उभा आहे, गेला." बाबा म्हणतो, आकाशवाणी छान लागलीये आज. तो इतका नीट ऐकतो, केरीन. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, एवढं माझं कधी ऐकलं नव्हतं त्यानं.

तू म्हणशील, आई, तू का नाही चालवत. तुला माहितीये मी का नाही चालवत. मला गिअरची गाडी येत नाही. म्हणजे येत होती, तू पोटात होतीस तेव्हा. ही व्हॅन घराएवढी आहे. आणि दुसरं म्हणजे, मी चालवायला बसले की तो काय करणार?

तीन-तीन डब्यांचे ट्रक येतात समोरून. तेव्हा मी ओरडत नाही. ओरडलं की त्याचा हात दचकतो. मी अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगते.

मशीन थांबलं. हे पाठवणार आहे की नाही, माहीत नाही.

आई

(पाठवतेय.)


१४ ऑक्टोबर
मेंढ्यांच्या रानातला कॅम्प, कार्नार्व्हनच्या वर सत्तर किलोमीटर

केरीन,

इथं संडास आपला आपण आणायचा, पाणी आपलं आपण, कचरा आपला आपण परत न्यायचा. मालक लोक चार किलोमीटरवरच्या घरातनं आठवड्याला येऊन पैसे घेऊन जातात आणि बकऱ्यांना शिव्या देतात. बकऱ्या सगळ्यांचं खातात. काल माझा टॉवेल खाल्ला.

किनारा बघण्यासारखा आहे. म्हणतात. मी सांगू शकत नाही. मी दिवसभर बाबा कुठं पाय ठेवतोय ते बघते. इथं खडक आहेत आणि लाट अचानक वर येते, दरवर्षी कोणीतरी जातं, तशी पाटीच आहे. तो गळ टाकायला जातो, मी मागं उभी. आकड्यात आमिष मी लावून देते. मासा लागला की तो हातानंच ओळखतो कुठला आहे. ते बघण्यासारखं असतं, ते बघते.

दुपारी दक्षिणेकडनं वारा सुटतो. सुटतो म्हणजे रात्रभर व्हॅन हलवत राहतो. मी झोपत नाही. झोप लागली तरी स्वप्नात मी सांगतच असते: दहा वाजता झाड, दोनला पूल. बाबानं परवा हलवून उठवलं, म्हणाला, "ग्लेन, आपण उभे आहोत गं. गाडी बंद आहे."

मॉरीन आज निघाली. सगळेच निघालेत, ऑक्टोबरचं ऊन लागलं की सगळे गारव्याला दक्षिणेला पळतात. टायरमधली हवा बघता बघता ती मला बाजूला घेऊन गेली.

"ग्लेनिस, किती दिवस झोपली नाहीयेस?"

"वाऱ्यामुळं गं."

"वारा मलाही आहे. माझा चेहरा असा नाही झाला."

"तुझा चेहरा पहिल्यापासूनच चांगला आहे, मॉरीन."

"थापा नको मारू. त्याला दिसत नाही, हो ना?"

मी बकऱ्यांकडं बघत राहिले.

"आमच्यामागोमाग चला. माझा नवरा तुमची व्हॅन घेईल, मी आमचा ओढीन. सावकाश जाऊ. तुझी पोरगी आहे ना पर्थला?"

मी म्हणाले, बघते. ती गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी उभी होते.

का नाही गेले ते सांगते. दक्षिणेला गेलं की पर्थ. पर्थला तू. तुझ्या दारात गाडी आणली तर तू बघणार कोण चालवतंय. आणि गाडी नाही आणली, तर मी तुला सांगणार काय? की तू बरोबर होतीस? मग तू विचारणार, कधीपासून? आणि मग

बाबा हाका मारतोय. नंतर.

नंतर: काही नाही, त्याचा चष्मा बकरीनं नेला होता. मिळाला.

एक चांगलं सांगते. त्याला मला बघायचं असलं की तो माझ्याकडं बघत नाही. माझ्या कानाच्या मागं कुठंतरी बघतो, समुद्राकडं. म्हणजे मी कडेला येते आणि दिसते. आज चहा पिताना बराच वेळ समुद्राकडं बघत बसला होता. मी म्हटलं, काय दिसतंय एवढं? म्हणाला, तू थकलीयेस.

आई


२३ ऑक्टोबर
कार्नार्व्हन, दवाखान्याबाहेरचं बाक

केरीन,

आम्हाला काही झालेलं नाही. हे आधी.

काल सकाळी पाणी आणि भाजी आणायला निघालो कॅम्पवरनं. पहिले पन्नास किलोमीटर कच्चा रस्ता, पत्र्याच्या छपरावरनं गाडी जाते तसा. मी रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. सांगत होते, सांगत होते, आणि मग डांबरी रस्त्याच्या तोंडाशी गाडी थांबल्यावर जागी झाले.

मला झोप लागली होती. वीस मिनिटं.

बाबा खाली उतरून टायरात हवा भरत होता. कच्च्यावर हवा कमी करायची, डांबरी आलं की परत भरायची. ते तो हातानं चाचपून करतो. चेहरा असा, जसं काही शर्यत जिंकलाय.

"उठल्या का बाईसाहेब? मी आणली बघ. एकट्यानं. कडा दिसतात ना मला, दोन्ही कडांच्या मधनं आणली."

"मला उठवलं का नाहीस?"

"तू घोरत होतीस. म्हटलं, घोरू दे. महिनाभरात पहिल्यांदा घोरलीस."

मला रडू येत होतं की राग, काय माहीत. मी चहा ठेवला. हवा भरायचं यंत्र टकटक करत होतं, त्याच्यावर तो ओरडून सांगत होता.

"वाटेत एक जण भेटला, त्याला बोटही उचललं. फार मनमोकळा माणूस. त्यानं तर अख्खा हात हलवला."

मी कप धरून उभी.

"हात?"

"हात काय, दोन्ही हात! असे, डोक्यावर. शहरातला असणार."

"डेस, दोन्ही हात वर होते तर स्टिअरिंग कोणी धरलं होतं?"

यंत्र टकटक करत होतं. त्यानं ते बंद केलं.

"गाडीतच असेल," तो म्हणाला.

"गाडी बघितलीस?"

"कडेला होता तो. डावीकडं. कडेचं मला दिसतं, ग्लेन."

"माणूस दिसला. गाडी दिसली का?"

त्याला कळलं. केरीन, चेहऱ्यावरनं सगळं खाली उतरलं त्याच्या. "किती वेळ झाला?" म्हणाला. मी म्हटलं, पंधरा-वीस मिनिटं. उन्हात त्रेचाळीस होतं. त्या रस्त्याला आता दिवसभरात तीन गाड्या जातात, मॉरीन आणि मंडळी गेल्यापासून.

तो ड्रायव्हरच्या दाराकडं वळला. सवयीनं. मी आधी पोचले.

"तू शेवटचा गिअर कधी टाकलास?" त्यानं विचारलं.

"केरीन पोटात होती तेव्हा."

"मग क्लच पूर्ण दाब. पूर्ण म्हणजे जमिनीपर्यंत. हा जोर मागतो."

तीन वेळा बंद पडली. चौथ्यांदा निघाली. दुसऱ्या गिअरवर, कधी तिसऱ्या, चौदा किलोमीटर. टायर फुगलेले, प्रत्येक दगड दातांत लागत होता. बाबा डावीकडं, माझ्या जागेवर. मध्ये एकदा म्हणाला, "इंजिन ओरडतंय, तिसरा टाक." एवढंच.

माणूस रस्त्याच्या मधोमध चालत येत होता. शर्ट डोक्याला बांधलेला, ओठ पांढरे. रॉस नाव. त्याची गाडी वळणावर घसरून खाली झुडपांत उलटली होती, सकाळी नवाला. बायको जूडिथ आत. मांडी मोडलेली, तिला हलवता येत नव्हतं, त्यानं तिच्यावर चादर धरून सावली केली होती आणि मग मदत शोधायला निघाला होता. पाणी दहालाच संपलं होतं.

मी पाण्याचा डबा दिला. तो प्यायला, अंगावर सांडलं, आणि मग बोलायला लागला.

"बाई, तुम्ही देवासारख्या आलात. तुमच्याआधी एक हरामखोर आला होता. पांढरी व्हॅन. मी रस्त्याच्या कडेला नाचतोय, दोन्ही हात वर करून नाचतोय, आणि तो मला बोट उचलून दाखवतो. नमस्कार केल्यासारखं! आणि गेला. सापडला ना, त्याचं बोटच मोडीन."

मग त्यानं आमच्या व्हॅनकडं बघितलं.

आता नीट वाच. माझं तोंड उघडलं होतं. खोटं तयार होतं, जिभेवर. पांढऱ्या व्हॅन काय कमी आहेत या किनाऱ्यावर. दोन शब्दांचं काम होतं. मला विचारसुद्धा करावा लागला नव्हता.

बाबा माझ्याआधी बोलला.

"तो मी होतो."

रॉसनं त्याच्याकडं बघितलं. "आंधळा आहेस काय?"

"हो," बाबा म्हणाला.

केरीन, हा शब्द त्यानं माझ्याजवळही कधी म्हटला नव्हता. डॉक्टरीणबाईजवळ नाही. आम्ही पंधरा महिने त्या शब्दाला वळसा घालून राहत होतो.

रॉसनं हात उगारला होता. तो तसाच राहिला हवेत. मग खाली आला. म्हणाला, "मग तिच्यावर चादर धर. तेवढं येईल ना?"

बाबा म्हणाला, येईल.

रॉसला गाडीत घेऊन वळणापर्यंत गेलो, तिथं दोघं खाली उतरले, रॉस पुढं, बाबाचा हात त्याच्या खांद्यावर. सगळं पाणी मी त्यांच्याजवळ ठेवलं. आणि मी एकटी परत गेले, डांबरीपर्यंत आणि पुढं, फोनला एक रेघ येईपर्यंत. ते एकतीस किलोमीटर होतं. मी चालवलं. काही लिहीत नाही त्याबद्दल. चालवलं.

अँब्युलन्स दोन तासांनी पोचली. जूडिथला आज विमानानं पर्थला नेतायत. पाय राहील म्हणाले. वाचली कशी, तर चादरीमुळं, असं नर्स म्हणाली. बाबा दोन तास उन्हात चादर धरून उभा होता. त्याचे दंड सोलून निघालेत.

आत बोलावतायत. पोलीस आलेत, बाबाचं बोलणं लिहून घ्यायचंय.

आई


२६ ऑक्टोबर
कार्नार्व्हन, केळीच्या बागेमागचा कॅम्प

केरीन,

पोलीसबाई तुझ्या वयाची होती. तिनं मला विचारलं, तुम्हाला माहिती होतं का यांना दिसत नाही ते? बाबा म्हणाला, तिला काही माहिती नव्हतं. मी म्हटलं, मला सगळं माहिती होतं. ती म्हणाली, एकानं कोणीतरी ठरवा.

मी चहाच्या डब्यातला कागद आणून दिला. चहाचा वास येत होता त्याला. बाबानं लायसन टेबलावर ठेवलं. केस होईल बहुतेक. झाली तर झाली.

जूडिथला विमानात चढवायच्या आधी भेटलो. गुंगीचं औषध दिलेलं, तरी बाबाला बघून म्हणाली, "बोटवाला तूच का? मी बरी झाले की तुला एक बोट दाखवणार आहे. ते नाही, दुसरं." बाबा इतका हसला की नर्सनं बाहेर काढलं आम्हाला. बाहेर येऊन भिंतीला टेकून तो रडला.

त्यानं त्याचं सांगितलं. आता माझं.

निपर झोपला नव्हता. मी तुला सांगितलं, पोलिसांना नाही पण साऱ्या गल्लीला सांगितलं, की चाकाखाली झोपलेलं कुत्रं कोणाला दिसणार. तो झोपला नव्हता. गाडीच्या मागं बरोबर मधोमध उभा होता, शेपूट हलवत. मला माझ्या बाजूच्या आरशात दिसत होता.

त्याआधी सहा महिने मला शंका होती. बाबा कपात चहा ओतताना बाहेर सांडायचा. पेपर उलटा-सुलटा धरायचा आणि वाचला म्हणायचा. मी विचारलं की चिडायचा. तर त्या दिवशी, बाबानं मागचा गिअर टाकला, आणि मला आरशात कुत्रं दिसलं, आणि मी थांब म्हणाले नाही. मी मनात म्हटलं, बघू या त्याला दिसतंय का.

एक सेकंद. दोन. मला खात्री करून घ्यायची होती.

मग ओरडले. तुला तो ओरडा ऐकू आला होता, स्वयंपाकघरात. तू म्हणाली होतीस, आईनं तरी बघितलं असणार. मी म्हणाले, कोणीही बघितलं नाही. मग तू म्हणालीस, आज कुत्रं, उद्या टिली. आणि मी तुला ते सगळं बोलले, कारण तू बरोबर तेच बोलली होतीस जे माझ्या डोक्यात चाललं होतं.

कुत्र्यावर मी बाबाची परीक्षा घेतली. टिलीच्या कुत्र्यावर. बाबाला हे माहीत नाही. आज सांगणार आहे. तुला आधी लिहिलं, म्हणजे मागं फिरता येऊ नये.

माफी नाही मागत. म्हणजे मागतेय, पण तुला द्यावी लागेल असं नाही.

आई


३ नोव्हेंबर
जेराल्डटन

केरीन,

रोज दोनशे किलोमीटर. त्यापुढं मला जमत नाही. मागं ट्रकांची रांग लागते, एकानं परवा भोंगा वाजवला तर मी रस्त्याच्या कडेला थांबून त्याला जाऊ दिलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. बाबा म्हणाला, तू चहा ठेव, तोवर सगळं ऑस्ट्रेलिया जाऊन घेऊ दे.

कुत्र्याचं त्याला सांगितलं. केळीच्या बागेत, सकाळी. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तू ओरडलीस ते मला वाटलं होतं त्यापेक्षा उशिरा." एवढंच. दिवसभर बोलला नाही नंतर. दुसऱ्या दिवशी बोलला, पण गाडीचंच: ब्रेकचं, तेलाचं. तिसऱ्या दिवशी मी गिअर चुकवला तर शिवी दिली. मला बरं वाटलं. अजून काय ते संपलेलं नाही आमच्यात. त्याला वेळ लागेल, मलाही लागेल. आहे आता वेळ.

खाली येताना समुद्र उजवीकडं. म्हणजे परत माझ्याच बाजूला, आणि मला परत रस्त्याकडंच बघायचंय. मी काल म्हटलं, चव्वेचाळीस वर्षांत एकदा समुद्रावर आलो आणि मी तो बघितलाच नाही. तर बाबा म्हणाला, तू पुढं बघ, मी सांगतो. तो सरळ समोर बघतो, म्हणजे समुद्र कडेला येतो आणि दिसतो. म्हणाला, "आता हिरवा आहे. आता एक पांढरी पट्टी. एक होडी, नाही, पक्षी. नाही, होडीच." मी गाडी चालवतेय आणि तो समुद्र सांगतोय. चुका फार करतो. पण चालतंय.

हे पत्र तुला सोमवारी-मंगळवारी मिळेल. त्याआधी रविवारीच आम्ही पर्थला पोचलेलो असू. नदीपलीकडच्या कॅराव्हॅन पार्कात आठवड्याची जागा घेतलीये, झाडांच्या बाजूला, सव्वीस नंबर. तुझ्या दारात येणार नाही. तुझ्या गल्लीतही येणार नाही. टिलीला काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. नाही आलीस तर पुढच्या सोमवारी जागा सोडू आणि पत्ता कळवू. ओरडायला यायचं असेल तरी ये. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसलेला असेल. तुझ्याकडं बघताना तो भलतीकडंच बघेल, त्याचा राग मानू नकोस. तो तुलाच बघत असेल.

मी आत असेन. पोचले की गाडी बंद करणार आणि झोपणार आहे, किती ते माहीत नाही. आलीस तर दार वाजव. पहिल्या वाजवण्यानं मी उठणार नाही. परत वाजव.

आई